दहा नंबरची ओळ

मला लहानपणी सूत कातता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढं एकच आहे, की हे तरी मी कधी कुणापासून लपवलं नाही.

देवळीला आमच्या शाळेत पाचवीपासून कताईचा तास असे. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. बाकीच्या जिल्ह्यांत तो तास केव्हाच नावापुरता उरला असेल, पण वर्धा जिल्ह्यात चरख्याला जरा जास्तच मान, त्यामुळे आमच्याकडे तो नेमाने भरायचा. शाळेच्या मागच्या बाजूला एक लांब खोली होती, तिला सगळे उद्योगखोली म्हणत. तिथे सतरंज्यांवर बसून आम्ही टकळी फिरवायचो. माझा धागा दोन बोटं निघाला की तुटायचा. शेजारची पोरगी हातभर सूत काढून गुंडाळायला लागायची आणि मी तिच्याकडे अशी बघायची, की तिनेच माझा धागा तोडला असावा. राग मला लहानपणापासून लवकर येतो. एकदा मी टकळी भिंतीवर फेकून मारली.

कताई शिकवायला एक गुरुजी होते. उंच, वाकलेले, धोतर आणि हाताने धुतलेला पांढरा सदरा. मला वाटलं, आता बसली पाठीत. पण ते टकळी उचलून माझ्यापुढे येऊन बसले. तिचा आकडा वाकला होता तो त्यांनी सरळ केला, पिंजलेल्या कापसाच्या पेळूतून छान वीतभर सूत काढलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत बोटाने तटकन तोडलं.

"आता हा मी तोडला," ते म्हणाले. "तू जोड."

त्यांची शिकवण्याची रीतच ती होती, हे मला नंतर कळलं. नवीन पोराला ते आधी कातायला शिकवतच नसत. स्वतः कातलेला धागा तोडून देत आणि जोडायला लावत. दहादा तोडत, दहादा जोडून घेत. मग म्हणत, "भेव गेलं का? आता कात." तुटण्याची भीती गेली की हात आपोआप हलका होतो, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या पोरींचा हात हलका झाला. माझा काही झाला नाही, पण जोडायला मात्र मी पटाईत झाले. वर्गात कुणाचा धागा तुटला की ते मला हाक मारत.

ऐंशीच्या सुमाराला मी त्याच शाळेत गणित शिकवायला लागले. बी.एस्सी.ला पहिला वर्ग होता, अंगात मस्ती होती. ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याच शेजारी बसून डबा खायचा म्हणजे शिंगं फुटल्यासारखं वाटायचं. गुरुजी मला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर "बाई" म्हणाले. मला फार संकोच वाटला, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

चार-पाच वर्षांनी शाळेला सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर मिळाले. तालुक्यात तोवर कुणी कॉम्प्युटर बघितला नव्हता. पुलगावहून सुद्धा लोक बघायला आले. आधी उन्हाळ्यात तीन आठवडे नागपूरला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शाळेतले थोर थोर सर कुणाच्या घरी लग्न, कुणाला ऊन सोसत नाही, असं म्हणत बाजूला झाले, आणि मी गेले. परत आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

यंत्र आलं तेव्हा प्रश्न पडला ठेवायचं कुठे. धुळीचं त्याला वावडं, दाराला कुलूप हवं, विजेचं बटण हवं. सगळं फक्त उद्योगखोलीत होतं. कापसाच्या तंतूंनी यंत्र बिघडेल असं मीच मुख्याध्यापकांना सांगितलं. प्रशिक्षणात शिकवलेलं सांगितलं, चूक काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चरखे, टकळ्यांची पेटी आणि सतरंज्या मागच्या ओट्यावर गेल्या आणि त्यांच्यामागे गुरुजीही गेले. जाताना खोली स्वतः झाडून, पुसून देऊन गेले.

आता त्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. आजच्यासारखं त्यात चित्रावर बोट ठेवून काम होत नसे. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तुम्ही इंग्रजीत एक ओळ लिहायची, ते लगेच उत्तर द्यायचं. दोन आणि दोन किती ते छाप म्हटलं की खाली चार यायचे. पुष्कळ ओळींचं मोठं काम असलं तर प्रत्येक ओळीला आधी नंबर द्यायचा, दहा, वीस, तीस असा, आणि शेवटी 'रन' लिहिलं की यंत्र नंबरानुसार एकेक ओळ करत जायचं. याला प्रोग्राम म्हणायचं. पोरांना करता येतील असे छोटे छोटे प्रोग्राम लिहून द्यायचे, हे माझं काम होतं.

मी पहिलाच प्रोग्राम दिला तो बावीस ओळींचा. एकपासून शंभरपर्यंतच्या मूळ संख्या काढणारा. नागपूरच्या पुस्तकातून जसाच्या तसा फळ्यावर उतरवला. आठवीची पोरं एका यंत्रापुढे पाच-पाच अशी बसली. इंग्रजी अक्षर कळफलकावर शोधण्यातच त्यांचा अर्धा तास जायचा. एका पोरीने तेरा ओळी कशाबशा लिहिल्या आणि 'रन' केलं. यंत्राने पींऽ असा आवाज काढला आणि पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं, की यात चूक आहे.

पोरगी जवळच्या खेड्यातली, रोज चालत यायची. तिला वाटलं, यंत्र बिघडलं. ती रडायला लागली. मला तिचा राग यायचं काही कारण नव्हतं, पण दाराशी मुख्याध्यापक उभे होते. मी ओरडले, "फळ्यावर लिहिलेलं बघून लिहिता येत नाही? डोळे आहेत की बटणं?" ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. अंगात ताप आहे असा निरोप आला. तिसऱ्या दिवशीही ताप होता. बाकीची पोरं कॉम्प्युटरच्या तासाला माझ्याकडे न बघता बसायची आणि कळफलकाला हातच लावायची नाहीत.

गुरुजींनी हे सगळं ओट्यावरून खिडकीतून बघितलं होतं. त्या आठवड्यात एकदा शाळा सुटल्यावर ते पाय धुऊन दाराशी येऊन उभे राहिले. स्वतःच्याच खोलीच्या दाराशी, परवानगी मागत.

"बाई, एक इचारू का? त्या पोरीले यंत्र काय म्हणून राह्यलं होतं?"

मी सांगितलं, की तिने लिहिलेलं त्याला कळलं नाही, असं म्हणत होतं.

"म्हणजे इचारूनच राह्यलं न ते. रागावून तं नाई राह्यलं. मंग तुमी काऊन रागावल्या?"

मी त्यांना आत बसवलं आणि यंत्र दाखवायला लागले. त्यांना इंग्रजीचं अक्षर वाचता येत नव्हतं. पण त्यांनी पडद्यावरचे आकडे वाचले आणि विचारलं, ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर काऊन, एक, दोन, तीन काऊन नाई? मी म्हटलं, मध्ये एखादी ओळ राहून गेली तर घालायला जागा असावी म्हणून. नंतर कधीही पंधरा नंबरची ओळ लिहा, यंत्र ती आपोआप दहा आणि वीसच्या मध्ये नेऊन बसवतं.

गुरुजी हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी बघितलं नव्हतं. "मंग हे यंत्र ज्यानं बनोलं त्यानं कधीतरी सूत कातलं असन," ते म्हणाले. "जोडाले जागा ठेवली हाय गड्यानं." आणि मग म्हणाले, "तुमी पोराईले पयले तुटलेलंच द्या न."

तिथून आमची कार्डं सुरू झाली. लग्नपत्रिकांच्या पाठी कोऱ्या असतात. गुरुजींकडे त्यांचा गठ्ठा होता, ते काहीच टाकून देत नसत. प्रोग्राम मी वहीत लिहून द्यायची आणि ते बघून कार्डावर लिहायचे. लिहायचे म्हणजे काढायचे. एकेक इंग्रजी अक्षर ते रांगोळीच्या ठिपक्यांवरून जावं तसं काढत, आणि माझ्या अक्षरापेक्षा ते शंभर पटीने चांगलं दिसे. बारा कार्डं झाली, प्रत्येकाच्या पाच प्रती. बाराही प्रोग्राम फार तर चार-पाच ओळींचे. गुण किती ते सांगा, नाव उलटं करा, पाढा म्हणा.

पहिलं कार्ड त्यांचं होतं. त्यावर फक्त दोन ओळी. वीस नंबरची ओळ म्हणे, गाडी गुणिले आठ किती ते छाप. कारण एका बैलगाडीत आठ क्विंटल कापूस, हा आमचा हिशेब पोरांना तोंडपाठ. तीस नंबरची ओळ म्हणे, 'शाबास' छाप. आणि वर, जिथे दहा नंबरची ओळ यायची, तिथे बोटभर जागा कोरी. पोराने दोन ओळी लिहून 'रन' केलं की यंत्र अडायचं आणि म्हणायचं, वीस नंबरच्या ओळीत ही गाडी म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पोराला ते ठाऊक असे. मग त्याने दहा नंबरची ओळ लिहायची, गाडी म्हणजे पाच. ओळ शेवटी लिहिली तरी यंत्र तिला उचलून सगळ्यांच्या वर नेऊन ठेवी. पुन्हा 'रन'. चाळीस. शाबास.

ती रडलेली पोरगी ताप उतरून आली तेव्हा मी तिला पहिलं कार्ड दिलं. यंत्र अडलं तशी तिने मान खाली घातली. मी बोलणार तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "तुले इचारून राह्यलं ते. सांग त्याले." तिने एका बोटाने अक्षरं शोधत दहा नंबरची ओळ लिहिली. चाळीस आले तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं. मग तिने गाडी म्हणजे शंभर केलं, मग हजार केलं, आणि आठ हजार क्विंटल कापूस देवळीच्या बाजारात मावेल का यावर पोरांचं भांडण लागलं. तो पाऊसकाळ माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला होता. मुद्दाम चुकीचे प्रोग्राम एकमेकांना लिहून द्यायचे आणि दुसऱ्याने जोडायचे, असा खेळच पोरांनी काढला होता.

दरम्यान कताईच्या तासाला पोरंच उरली नव्हती. वरून पत्र आलं, की उद्योगशिक्षकाची जागा अतिरिक्त ठरते, त्यांना दुसरीकडे पाठवावं. गुरुजींच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या, त्यांना संधिवाताने खाटेवरून उठता येत नसे. सकाळी शाळेत येण्याआधी आणि दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन गुरुजीच त्यांचं सगळं करत. घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर म्हणूनच ते निभत होतं.

मुख्याध्यापक स्वभावाने बरे होते. त्यांनी मार्ग काढला. कॉम्प्युटरला मदतनीस म्हणून गुरुजींना दाखवता येईल का, असा प्रस्ताव त्यांनी वर पाठवला. उत्तर आलं, की शिक्षण खात्याचे साहेब स्वतः शाळेला भेट देतील, काम बघतील आणि मग ठरवतील. मुख्याध्यापक मला म्हणाले, "सायबापुढं पोराईले कार्ड करून दाखवाले लावा. गुरुजींनी काय केलं ते तुमी सांगा. तुमच्या शब्दाले वजन राहीन, तुमी ट्रेनिंगवाल्या." मी म्हटलं, त्यात काय, सांगते.

दिवाळीच्या सुट्टीआधी साहेब आले. जीपमधून उतरले तेव्हाच कळलं की शिकलेला माणूस आहे आणि घाईत आहे. मी नवी साडी नेसले होते. गुरुजी खोलीच्या दाराशी उभे होते, त्यांचा सदरा त्या दिवशी इतका पांढरा होता की मला त्याची मनात गंमत वाटली.

साहेबांनी कार्डं हातात घेतली. "अक्षर सुरेख आहे हो," ते म्हणाले. "कल्पनाही छान. तुमची?"

इथे मी सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण 'तुमची?' हा शब्द कानाला इतका गोड लागला, की तो जरा वेळ तसाच राहावा असं वाटलं. एवढ्यात सांगते, पोरं बसू देत, मग सांगते, असं मनाशी म्हणत मी नुसती हसले. माझं हसणं गुरुजींनी बघितलं. तेही हसले. त्यांना वाटलं असेल, बाई सांगतीलच.

पोरांना बसवायच्या आधी साहेब स्वतःच खुर्चीवर बसले. पहिलं कार्ड समोर ठेवून त्यांनी एका बोटाने दोन ओळी लिहिल्या आणि 'रन' केलं. यंत्र पींऽ करून अडलं.

"हे काय?" साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा वर करून कार्ड बघितलं, पडद्याकडे बघितलं. "पहिल्याच कार्डात चूक? प्रोग्राम अर्धवट आहे हा. नवशिक्या मुलांच्या हातात तुम्ही चुकीचा प्रोग्राम देता?"

किती शब्द लागले असते मला? साहेब, ते मुद्दाम आहे, आता दहा नंबरची ओळ लिहून बघा. एवढंच. आठवीतल्या कुठल्याही पोराने ते सांगितलं असतं. ती पोरगी तर मागे उभी राहून हात वर करत होती, मला दिसत होतं. पण मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते, साहेब माझ्याकडे बघत होते, आणि माझे कान तापले होते. नागपूरला तीन आठवडे शिकून आलेल्या माझ्या कार्डात चूक निघाली, एवढंच मला कळत होतं. लाज वाटली ती त्या कार्डाची. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मी म्हणाले,

"ती कार्डं आमच्या कताईच्या गुरुजींनी लिहिलीत, साहेब. त्यांना इंग्रजी येत नाही."

दोन्ही वाक्यं खरी होती. मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला हेच समजावत होते, की आपण खोटं कुठे बोललो.

साहेबांनी वळून दाराकडे बघितलं. गुरुजी दोन पावलं आत आले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. शाळेत असताना माझा धागा तुटला की ते असेच बघायचे. मग त्यांनी हात जोडले.

"हो जी, सायेब. एक ओळ राह्यली. माह्याच हातून राह्यली."

मागच्या पोरीने वर केलेला हात हळूच खाली घेतला.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते गुरुजींना काही लागेल असं बोलले नाहीत. चहा घेतला, पाढ्याचं कार्ड चालवून बघितलं, ते बरोबर आलं म्हणून पोरांना शाबासकी दिली. मुख्याध्यापकांनी प्रस्तावाचा विषय काढला तेव्हा म्हणाले, "भावना कळतात मला. पण बघितलंत ना तुम्ही. हे तांत्रिक काम आहे." जीप गेल्यावर मुख्याध्यापक माझ्याकडे आले, साहेबांचा कप उचलला आणि गेले. त्यांना खरं ठाऊक होतं. त्यांनी मला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी गुरुजींच्या घरी जावं असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ठरवलं. साहेबांना पत्र लिहून कळवावं असंही ठरवलं, मायना लिहिलासुद्धा. मग पत्रात आधी हे लिहावं लागेल, की त्या दिवशी मी गप्प का बसले, हे लक्षात आलं आणि कागद फाडला.

आठवड्याभरात गुरुजींच्या बदलीचं पत्र आलं. आष्टीकडच्या एका गावी. आमचा जिल्हा काही फार मोठा नाही, पण देवळी एका टोकाला आणि आष्टी दुसऱ्या. रोज जाऊन येणं शक्यच नव्हतं. काकूंची एक विधवा बहीण पुलगावला होती, तिला बोलावून घेतलं. गुरुजी तिकडे खोली करून राहणार आणि शनिवारी एस.टी.ने घरी येणार, असं ठरलं. सुट्टी लागायच्या दिवशी शाळेत त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, चिवडा-पेढे. मी गेले नाही. अंगात ताप आहे असा निरोप पाठवला.

पुढे तीन वर्षं त्यांचं ते शनिवारचं येणं-जाणं चाललं. एकदा मी बसस्टँडवर वर्ध्याची गाडी बघत उभी असताना ते आष्टीकडून येणाऱ्या गाडीतून उतरले. हातात पिशवी, पिशवीत औषधाच्या बाटल्या दिसत होत्या. खूप थकलेले होते. मी रसवंतीच्या मागे जाऊन उभी राहिले. घुंगरांचा आवाज चालू होता, ते समोरून गेले, आणि ते वळेपर्यंत मी तिथेच होते. माझी गाडी चुकली. मी तिशीही न गाठलेली, पगारदार, बोलायला तिखट बाई, एका म्हाताऱ्याला भिऊन उसाच्या चिपाडांत लपले होते.

पण ते सुद्धा मी कधीतरी विसरले असते. विसरता येत नाही ते दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवसाचं.

शाळा उघडली त्या दिवशी शिपायाने माझ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं दिलं. गुरुजी जायच्या आदल्या दिवशी देऊन गेले, म्हणाला. वर खादीचं सूत गुंडाळलेलं. आत आमची कार्डं होती, साठच्या साठ. साहेब गेल्यावर मी ती कपाटात कोंबून टाकली होती, ती त्यांनी केव्हा मागून नेली मला माहीत नाही. मळलेली कार्डं त्यांनी खोडरबराने पुसली होती, फाटलेल्या कडांना कागद चिकटवला होता. चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

मी पहिलं कार्ड बघितलं. वरची कोरी जागा कोरी नव्हती. दहा नंबरची ओळ तिथे लिहिलेली होती. गाडी म्हणजे पाच. त्याच अक्षरात, एकेक वळण रांगोळीसारखं. मी दुसरी प्रत बघितली. तिसरी बघितली. पाचही प्रतींवर त्यांनी ती ओळ भरली होती. आता कोणीही साहेब येवोत, यंत्र अडणार नव्हतं आणि मला कुणी काही बोलणार नव्हतं. इंग्रजी न येणाऱ्या माणसाने ती ओळ कुठून बघून काढली असेल? बहुधा एखाद्या पोराच्या वहीतून.

नवी कार्डं करायला मला दहा मिनिटं लागली असती. लग्नपत्रिका कुणाच्याही घरी मिळतात. मी केली नाहीत. पुन्हा कोणी आलं तर, असा विचार मनात होता, आणि मी त्या विचाराला नावं ठेवत ठेवत त्याचंच ऐकलं.

दुसऱ्या तासाला कार्डं वाटली. पोरांनी तीन ओळी लिहिल्या, 'रन' केलं. चाळीस आले. शाबास आलं. कुणाचंही यंत्र अडलं नाही. कुणी कुणाशी भांडलं नाही, कुणी काही विचारलं नाही, दहा मिनिटांत सगळी पोरं पहिलं कार्ड संपवून गप्प बसली.

फक्त ती पोरगी कार्ड हातात धरून माझ्या टेबलाशी आली.

"बाई, इथली जागा गुरुजीनं काऊन भरली?"

"चूक होती ती," मी म्हणाले. "त्यांनी दुरुस्त केली."

तिने कार्ड एकदा बघितलं. मग ओट्याकडच्या खिडकीकडे बघितलं, जिथे आता कुणी नव्हतं.

"पण चूक नोती न ते, बाई," ती म्हणाली. "तुमाले तं ठाऊक होतं."

मी तिला जागेवर जाऊन बसायला सांगितलं.